आईची पाठ आणि मागचे चाक

सकाळच्या वेळी वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या आवारात दहा मिनिटे उभे राहिलात, तर एक दृश्य आपल्याला पुन्हा पुन्हा दिसेल. एक लहानशी मोटारसायकल येते. पुढे मुलगा किंवा नातू, मागे नऊवारी नेसलेली आई, नाही तर धोतराचा सोगा सावरत बसलेले वडील. हँडलला कापडी पिशवी अडकवलेली. तिच्यात जुन्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद आणि क्ष-किरण फोटोचे मोठे पाकीट. गाडी थांबते. मागचे माणूस मुलाच्या खांद्यावर हात टेकून सावकाश उतरते, कंबरेवर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहते आणि मग चालू लागते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. पुढे रस्ते वाढले, दवाखाने वाढले. तरीही रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यातील आडवळणाच्या गावापासून डॉक्टरांपर्यंतचे अंतर आजही बहुतेक घरांत ही दुचाकीच तोडते. घरातील वृद्ध माणसासाठी ती एसटी असते, रिक्षा असते आणि पुष्कळदा, नको असतानाही, रुग्णवाहिका असते.

असे असूनही या गाडीकडे आपण आरोग्याच्या दृष्टीने पाहत नाही. आईचा रक्तदाब आपण महिन्याच्या महिन्याला मोजून घेतो; ज्या चाकांवर तिला बसवून नेतो, त्यांतील हवेचा दाब मोजायला मात्र वर्षानुवर्षे सवड होत नाही. या लेखाचा विषय तोच आहे: लहान मोटारसायकलचे टायर कसे निवडावेत, तिची साधी देखभाल घरच्या घरी कशी करावी आणि मागे बसणाऱ्या वृद्ध माणसाच्या शरीराशी या सगळ्याचा काय संबंध आहे.

एक अनुभव

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी आईला डोळे दाखवायला वाशिमला घेऊन निघालो होतो. निघण्यापूर्वी मागच्या चाकात हवा भरून घेतली. हवा भरणाऱ्याला मीच म्हणालो, ‘चांगली टाइट भर, दोघे जण जायचे आहे.’ त्याने माझे ऐकले. वाटेत आई दोन वेळा म्हणाली, ‘जराशी हळू घे ना बापू, गाडी लय उडून राह्यली.’ वेळेवर पोचायचे म्हणून मी ते मनावर घेतले नाही. एका गावाच्या तोंडाशी रंग न दिलेला गतिरोधक होता. तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. गाडी पडली नाही, कोणाला खरचटलेही नाही; पण आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि पुढचा सारा रस्ता ती गप्प बसली.

तीन दिवस तिने पाठदुखीबद्दल कोणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी अंथरुणावरून उठवेना, तेव्हा फोटो काढला. कण्याचा एक मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, हाड आधीच ठिसूळ झाले होते. धक्का हे निमित्त. त्यांचे म्हणणे खरेच होते. पण घरी आल्यावर मी हवेचा दाब मोजला, तर मागच्या चाकात चेनकव्हरवरील पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा बारा पौंड हवा अधिक होती. ते निमित्त मी पैसे देऊन भरून घेतले होते.

वय वाढते तशी हाडे विरळ होत जातात. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हे वेगाने घडते. अशा ठिसूळ मणक्याला दबण्यासाठी पडावेच लागते असे नाही. बसल्या जागी खालून आलेला एक जोराचा दणकाही पुरतो. म्हणून दुचाकीच्या प्रवासानंतर वृद्ध माणसाची पाठ अचानक दुखू लागली आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर बाम चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. पाय बधिर होणे, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळले, तर एक दिवसही थांबू नये.

चाकात हवा कशासाठी असते?

हवा भरलेल्या टायरची कथा मुळात एका लहान मुलाला बसणाऱ्या धक्क्यांची आहे. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक पशुवैद्य राहत. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाके होती आणि ती खडबडीत रस्त्यावर फार आदळत. १८८८ साली डनलॉप यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांभोवती बसवली. त्यांच्या आधी रॉबर्ट थॉमसन यांनाही ही कल्पना सुचली होती. पण टायर घरोघरी पोचला तो डनलॉप यांच्यापासून. हवा भरली ती गाडी पळवण्यासाठी नव्हे, तर बसणाऱ्याचे अंग हलू नये म्हणून, एवढे आपण लक्षात ठेवावे.

आपली मोटारसायकल जमिनीला टेकते ती प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. गाडी थांबवणे, वळवणे आणि तोल सांभाळणे ही सारी कामे त्या दोन तळहातांवर चालतात. हवा कमी असेल, तर टायर पसरतो, गरम होतो, कडेने झिजतो, गाडी वळताना जड वाटते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. हवा जास्त असेल, तर टायर दगडासारखा कडक होतो, फक्त मध्यभागी झिजतो, ओल्या रस्त्यावर लवकर घसरतो आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचवतो. ‘टाइट हवेने पंक्चर होत नाही’ ही आपल्याकडची समजूत घरातील वृद्धांच्या पाठीला फार महाग पडते.

मग हवा किती असावी? हा आकडा शेजाऱ्याला किंवा हवा भरणाऱ्याला विचारण्याचे कारण नाही. तो आपल्या गाडीवरच लिहिलेला असतो: बहुधा चेनकव्हरवर चिकटवलेल्या पट्टीवर, नाही तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत. तेथे पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात. एक एकट्याने जाताना आणि दुसरा मागे माणूस बसवताना. आईला घेऊन जायचे असेल, तर हा दुसरा आकडा पाळावा. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. पट्टी पुसट झाली असेल, तर अधिकृत सेवा केंद्रातून आकडे विचारून घ्यावेत आणि रंगाने चेनकव्हरच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावेत.

दाब मोजायचा तो चाक थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्यापूर्वी किंवा ती तीन तास तरी उभी राहिल्यानंतर. वैशाखातील दुपारी डांबरी रस्त्यावरून आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि त्यातील दाब वाढलेला दिसतो. त्या वेळी हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते. अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून दाब कळत नाही. हवा मोजण्याचे लहान यंत्र सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि ते थर्मामीटरशेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. मात्र भरताना आकडा आपण सांगावा. ‘टाइट’ किंवा ‘नरम’ हे आकडे नव्हेत.

नवा टायर घेताना

टायर कधी बदलावा, हे तो स्वतःच सांगतो. नक्षीच्या खोलगट खाचांमध्ये ठिकठिकाणी रबराचे आडवे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आला, की तो संपला असे समजावे. आपल्याकडे ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, ती याच्या पुढची पायरी होय. तोवर थांबणे म्हणजे पहिल्याच पावसात घसरण्याची वाट पाहणे. याखेरीज बाजूच्या भिंतीला भेगा, कोठे फुगवटा, आतले दोरे दिसणे किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होणे, ही कारणेही टायर बदलण्यास पुरेशी आहेत.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट माप. टायरच्या भिंतीवर ते कोरलेले असते. जुन्या पद्धतीत ते ‘२.७५-१८’ असे दिसते: पावणेतीन इंच रुंदी आणि अठरा इंच व्यासाची रिम. नव्या पद्धतीत ‘८०/१००-१८’ असे लिहितात: ऐंशी मिलिमीटर रुंदी, उंची त्या रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम पुन्हा अठरा इंचांची. त्यापुढे ‘४७ पी’ किंवा ‘५४ पी’ अशी खूण असते. तिच्यातील आकडा भार सांगतो, अक्षर वेग. ४७ म्हणजे त्या टायरवर १७५ किलोपर्यंत भार, ५४ म्हणजे २१२ किलोपर्यंत. दोन माणसे आणि पिशवीभर सामान वाहायचे असेल, तर हा भाराचा आकडा पुस्तिकेत दिला आहे त्याहून कमी घेऊ नये. स्वस्तात मिळतो म्हणून दुकानदाराने दिलेला ‘जवळपास चालणारा’ टायर नाकारावा.

तरुण मुलांना मागे जाड टायर लावण्याची हौस असते. गाडी भारदस्त दिसते हे खरे. पण मूळ रिमवर जाड टायर नीट बसत नाही, चेनकव्हरला घासू शकतो, इंजिनावर भार पडतो आणि वळताना गाडी वेगळी वागते. घरातील वडीलधारी माणसे ज्या गाडीवर बसतात, तिला ही हौस नसावी.

दुसरी गोष्ट टायरचे वय. भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२२२४’ म्हणजे २०२४ सालचा बाविसावा आठवडा, अर्थात मे महिन्याची अखेर. रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते कडक होते आणि त्याची पकड जाते. हा मुद्दा ज्येष्ठांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आजोबांची मोपेड किंवा जुनी गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघते. नक्षी नव्यासारखी दिसते. म्हणून टायर ‘अजून चांगला’ आहे असे वाटते. भिंतीवरील तारीख पाहावी. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झालेला टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, काढून टाकावा, असा टायर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. नवा घेतानाही तारीख वाचूनच घ्यावा. दुकानात अनेक वर्षे पडून राहिलेला टायर नवा नसतो. भिंतीवर आयएसआय चिन्ह असावे. जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले रिमोल्ड टायर दुचाकीला लावू नयेत.

तिसरी गोष्ट ट्यूबचा की ट्यूबलेस. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा शिरला, की बहुधा हवा एकदम जाते आणि गाडी डळमळते. ट्यूबलेस टायरमध्ये ती सहसा हळूहळू निघते. गाडी सावरून कडेला घ्यायला वेळ मिळतो. मागे वृद्ध माणूस असताना हा वेळ फार मोलाचा असतो. आपल्या गाडीला ट्यूबलेससाठी बनवलेली रिम असेल, तर ट्यूबलेसच घ्यावा. साध्या तारांच्या चाकाला मात्र तारांच्या छिद्रांतून हवा गळते; तेथे ट्यूबच हवी. अशा चाकाला नवा टायर लावताना ट्यूबही नवी घालावी. चार ठिकाणी ठिगळे लावलेली जुनी ट्यूब नव्या टायरात घालणे ही काटकसर नव्हे.

टायर बसवताना भिंतीवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः पाहावे. आणि एक सूचना बहुतेकांना ठाऊक नसते. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर तो सहज घसरतो. म्हणून ज्या दिवशी टायर बदलला, त्याच दिवशी आईला मागे बसवून निघू नये. काही दिवस एकट्याने, बेताच्या वेगाने चालवून टायर रुळू द्यावा.

नक्षी, काळी माती आणि पाऊस

पुढच्या टायरवर बहुधा लांबीच्या दिशेने सरळ खाचा असतात. त्या गाडीला दिशा धरून ठेवतात. मागच्या टायरवर ठोकळ्यांची नक्षी असते. ती जोर लावते. पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे असा बदल करू नये. शेताच्या वाटांसाठी मिळणारे मोठ्या गुट्ट्यांचे ‘बटन टायर’ चिखलात पकड धरतात. पण डांबरी रस्त्यावर ते घरघरतात, गाडी थरथरवतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. ज्या गाडीचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर आणि थोडा पांदण रस्त्यावर होतो, तिला साधी, मध्यम खोलीची नक्षीच योग्य.

वाशिमच्या काळ्या जमिनीची एक गोष्ट कोणत्याही टायरला जिंकता आलेली नाही. पहिला पाऊस पडला, की ती माती लोण्यासारखी चाकाला चिकटते, नक्षी भरून टाकते आणि मडगार्डमध्ये साठून चाकच जाम करते. त्या वेळी नव्या आणि गोटा टायरमध्ये काही अंतर उरत नाही. अशा वाटेवरून मागे माणूस बसवून जाऊ नये. डांबरी रस्त्यापर्यंत वृद्ध माणसाला बैलगाडीने, ट्रॅक्टरने किंवा हात धरून चालत आणावे आणि मग गाडीवर बसवावे. डांबरावर आल्यावर काडीने मडगार्डमधील चिखल काढावा आणि थोडे अंतर अगदी हळू चालवावे; नक्षीतील चिखल निघून जाईपर्यंत ब्रेक जपून लावावा.

सोयाबीनच्या सुगीत रस्त्यावर पसरलेले काड आणि दाणे, पावसाळ्यात रस्त्यावर आलेली माती आणि पावसाची पहिली सर पडताच डांबरावर सुटणारा तेलाचा थर, ही आपल्याकडची घसरण्याची नेहमीची ठिकाणे. अशा जागी एकदम ब्रेक दाबू नये आणि गाडी कलती करू नये.

चाकापलीकडची देखभाल

टायर उत्तम असून ब्रेक सैल असेल, तर उपयोग नाही. लहान मोटारसायकलींना बहुधा ड्रम ब्रेक असतात. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरील लहानसा बाण शेजारच्या खुणेपर्यंत पोचला, की आतील लायनर झिजले असे समजावे आणि ते बदलून घ्यावेत. केवळ नट आवळत राहू नये. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक काही काळ लागत नाहीत. मोकळ्या जागी हळू चालवत ते दोन-चारदा हलकेच दाबावेत, म्हणजे कोरडे होतात. पातूर आणि मेडशी यांच्या दरम्यानच्या घाटासारख्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरावी. इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची पेट्रोल वाचवणारी सवय जिवावर बेतते.

चेन खालच्या बाजूने बोटाने उचलून पाहावी. साधारण इंचभर ढिलाई योग्य. नेमके माप पुस्तिकेत असते. फार सैल चेन निसटते, फार ताणलेली तुटते. चेनला जळके ऑइल ओतू नये. त्यात धूळ बसून तिचा कानस होतो. पुसून स्वच्छ करून तिला चेनसाठी मिळणारे वंगण लावावे. आणि हे काम इंजिन पूर्ण बंद असतानाच करावे. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावताना बोटे तुटतात. लहान मुले आणि वृद्ध यांनी तर या कामाला हात लावूच नये.

मागचे शॉकअप हे आईच्या पाठीचे दुसरे रक्षक. त्यांच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर ते निकामी होत आले आहेत. बहुतेक गाड्यांत त्यांचा कडकपणा कमी-जास्त करण्याचे खाचे असतात. शेतातून पोती आणण्यासाठी ते सर्वांत कडक करून ठेवले असतील, तर वृद्ध माणसाला बसवण्यापूर्वी मेकॅनिककडून पुन्हा योग्य खाच्यावर आणून घ्यावेत. इंजिन ऑइल, दोन्ही दिवे, मागचा ब्रेकचा दिवा आणि हॉर्न ही तपासणी तर दोन मिनिटांची.

मागे बसणाऱ्यासाठी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो, की प्रत्येक मोटारसायकलला मागच्या माणसाने धरण्यासाठी पक्का दांडा, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारे आवरण असावे. हेच आपले साडीगार्ड. नवी गाडी घेतल्यावर दिसायला बरे नाही म्हणून मुले ते काढून टाकतात. नऊवारीचा पदर, धोतराचा सोगा, उपरणे किंवा ओढणी चाकात गुंतली, तर माणूस पाठीवर आणि डोक्यावर पडतो. साडीगार्ड काढलेले असेल, तर आजच बसवून घ्यावे आणि बसल्यावर पदर पुढे खोचून घ्यावा.

चढणे आणि उतरणे ही वृद्धांसाठी प्रवासातील सर्वांत जोखमीची वेळ असते. गाडी सपाट जागी असावी, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असावा. साइड स्टँडवर उभ्या गाडीवर माणसाला चढू देऊ नये. गुडघे दुखत असतील, तर ओट्याजवळ किंवा पायरीजवळ गाडी लावावी. चढणे-उतरणे डाव्या बाजूनेच असावे. सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो आणि उतरताना तो पिंडरीला भाजतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हे भाजणे कळतही नाही आणि जखम चिघळल्यावर घरच्यांच्या ध्यानात येते. अशा व्यक्तीचे पाय घरी आल्यावर एकदा पाहावेत.

जमत असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित. एका बाजूने बसावे लागले, तर एका हाताने मागचा दांडा आणि दुसऱ्याने चालवणाऱ्याची कंबर धरावी. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने आवश्यक आहे आणि ते आयएसआय चिन्हाचेच असावे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही अंगावर काढू नये. डोक्यातील रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही प्रकट होतो. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा चालताना झोक जाणे दिसले, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

स्वतः गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांना एवढेच सांगावेसे वाटते. समोरून येणाऱ्या दिव्याने डोळे दिपत असतील, मान वळवून मागे पाहणे जमत नसेल किंवा डबल स्टँडवर गाडी चढवताना दम लागत असेल, तर आपले शरीर काही सांगत आहे. रात्रीचे चालवणे आधी सोडावे. टायर बदलल्याने हात-डोळ्यांचे वय बदलत नाही.

दुचाकी नको अशी वेळ

छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे, पडून मांडीचे किंवा खुब्याचे हाड मोडल्याची शंका. अशा वेळी रुग्णाला दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर नेऊ नये. १०८ हा क्रमांक लावावा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. आणि प्रवास लांबचा, पण घाईचा नसेल, तर एसटी आठवावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना आणि महिलांना निम्मे भाडे आहे. गावातून फाट्यापर्यंत गाडीने आणि फाट्यापासून एसटीने, असा जोडप्रवास आईच्या पाठीला पुष्कळ मानवतो.

माझी आई पाच-सहा महिन्यांत बरी झाली. थोडी वाकली, ती वाकलीच. आजही ती कधी कधी गाडीवर बसते. बसण्यापूर्वी पदर खोचते आणि विचारते, ‘हवा पाह्यली का रे?’ पाहिली नसेल, तर ती बाजेवर बसून राहते आणि मी हवा मोजायचे यंत्र घेऊन चाकाशी बसतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनीही हा प्रश्न विचारण्याचा अधिकार स्वतःकडे घ्यावा. सोबतची यादी त्यांच्याच हाती द्यावी; त्यांनी खुर्चीत बसून वाचायची आणि नातवाने एकेक गोष्ट तपासायची.

पंधरवड्याची दहा मिनिटे
(हा अंक हाती येईल त्या दिवशी)

१. चाके थंड असताना दोन्हींतील हवा मोजा. आकडा चेनकव्हरवरील पट्टीशी ताडून पाहा. हवेच्या नळीचे टोपण लावा.
२. चाक हाताने फिरवून खिळा, काच, भेग, फुगवटा शोधा. नक्षीतील उंचवटे पाहा.
३. तारांचे चाक असल्यास पान्याने प्रत्येक तारेवर हलके वाजवा. बद्द आवाज येणारी तार सैल आहे.
४. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ड्रमवरील बाण खुणेजवळ आला आहे का ते बघा.
५. इंजिन बंद ठेवून चेनची ढिलाई पाहा आणि तिला वंगण लावा.
६. शॉकअपवर तेल ओघळले आहे का ते पाहा.
७. पुढचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न तपासा.
८. साडीगार्ड, मागचा दांडा आणि पाय ठेवण्याच्या दोन्ही जागा घट्ट आहेत ना, हे हात लावून पाहा.
९. दोन्ही हेल्मेटचे पट्टे लावून बघा.
१०. घरातील ज्येष्ठांना विचारा: मागच्या प्रवासात पाठ, मान किंवा गुडघा दुखला का? उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या वेळी त्यांना एसटीने न्या आणि गाडी मेकॅनिककडे.